पिवळ्या झाकणाचा डबा

“लाभ,” असं म्हणून आप्पांनी पहिला चमचा पेल्यात सोडला. मग “दोन,” म्हणून दुसरा. पावडरीचा एक कणही सांडू न देता चमचा डब्याच्या काठावर हलकेच टेकवून झटकला, पिवळं झाकण दाबून बसवलं आणि वर पाहिलं.

“एक म्हणत नाही का तुम्ही?” मी विचारलं.

“एक कधी म्हणूच नाही, बाई. पहिलं माप लाभाचं. एक म्हटलं की मोजणं चालू झालं, आणि मोजायला लागलं की सरणं आलंच ना मागोमाग.”

खोली बघायला म्हणून मी गेले होते, आणि आप्पा तांब्यातलं कढत पाणी पेल्यात ओतत होते. भिकन निकम त्यांचं नाव. चाळीस वर्षं त्या गावच्या बाजार समितीत मापाडी होते. ज्वारी, बाजरी, भुईमूग, आणि पुढे पुढे नुसता मका. मक्याचे ढीगच्या ढीग त्यांनी सुरात मोजले होते. तो सूर अजून त्यांच्या बोलण्यात होता. वाक्याच्या शेवटाला ते थोडं थांबत, जणू पाटी उचलून पुढच्या माणसाच्या पोत्यात रिकामी करत आहेत.

मी तेवीस वर्षांची होते. सावंतवाडीहून तापीच्या काठच्या त्या खान्देशी गावात आले होते, कारण तिथे मक्याचा कारखाना होता आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. उन्हाळा असा, की दुपारी रस्त्यावर आपली सावलीसुद्धा सोबतीला यायची नाही.

“नाव काय तुझं?”

“ज्योत्स्ना राऊळ.”

“जोसना,” आप्पा म्हणाले. पुढे तीन वर्षं मी त्यांच्यासाठी जोसनाबाईच राहिले.

खोली मिळाली. त्यांची ओसरी आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही पातळ. तिच्या पलीकडून मला त्यांचा सगळा दिवस ऐकू यायचा. सकाळचं खाकरणं, स्टोव्हचा पंप, रेडिओवरचे बाजारभाव, आणि दिवसातून तीन वेळा, “लाभ. दोन.”

आणि फोन.

फोन त्यांच्या मुलाने, यशवंतने, बसवून दिला होता. यशवंत पुण्याला नोकरीला होता. मी येण्याआधी दीडेक वर्षापासून तो महिन्याच्या सुरुवातीला एसटीने पार्सल पाठवायचा, आप्पा स्टँडवर जाऊन ते घेऊन यायचे. पिवळ्या झाकणाचा डबा. ‘ज्येष्ठांसाठी शक्तिवर्धक. वेगळी साखर घातलेली नाही.’ डब्यावर एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन पळत होता. त्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊला फोन वाजायचा. महिनाअखेरीला आणखी एकदा. महिन्यात दोन फोन, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

भिंतीपलीकडून मला एकच बाजू ऐकू यायची.

“हां... उना.”

उना म्हणजे आला. घरात ते अहिराणी बोलत.

“हां... दोन चमचे... तीन टाइम... हां... बरं.”

ठेवला फोन. एवढंच. मला वाटायचं, काय हे बोलणं. नातवाची चौकशी नाही, तब्येतीचं नाही, पाऊसपाण्याचं नाही. डबा आला का आणि डबा संपला का. पण खरं सांगायचं तर त्या रविवारी नऊच्या सुमारास मी माझा स्टोव्ह बंद करून बसायचे. मला फोन करणारं कुणी नव्हतं. आई भावाकडे होती. तिचं पत्र दोन महिन्यांनी यायचं, त्यात भावाच्या मुलांचे दात आणि गाईचं वेत. दुसऱ्याच्या घरात वाजणारी घंटासुद्धा माणसाला पुरते कधी कधी.

पहिल्या संक्रांतीला मी आप्पांना तिळगूळ द्यायला गेले. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

“राग नको मानू, माय. माझी गेंदा गेली, तिच्या अस्थी काशीला नेल्या. तिथे आवडती वस्तू सोडावी लागते. लोक दुधीभोपळा सोडून येतात, कारलं सोडून येतात. भटजी हसतात मनात. मी म्हटलं, सोडायचं तर सोडल्यासारखं सोडावं. गोड सोडलं. साखर, गूळ, मध, जे जे जिभेला गोड लागेल ते.”

“फार आवडायचं?”

“तिच्या हातचा चहा असा गोड असायचा, की चमचा उभा राहायचा पेल्यात. ती गेली, मग साखर ठेवून काय करू?”

नऊ वर्षं झाली होती त्याला. गावात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी आप्पांच्या पानापाशी आला की बुंदीचा झारा आपोआप वर उचलायचा. त्या एका गोष्टीत आप्पांचं वजन होतं. बाकी म्हातारपणी मापाड्याला कोण विचारतो? कारखान्याने वजनकाटा बसवला, ट्रकच्या ट्रक त्यावर उभे राहायला लागले, आणि मोजायचं गाणं गेलं.

माझं कारखान्यातलं काम म्हणजे त्याच मक्याचा शेवट. मका भिजवायचा, दळायचा, त्यातलं सत्त्व काढायचं, आणि त्या सत्त्वाचा पाक करायचा. काचेसारखा नितळ, घट्ट. लिक्विड ग्लुकोज. तो टँकरने कुठे कुठे जायचा. बिस्किटांत, गोळ्यांत, सॉसमध्ये, आइस्क्रीममध्ये. काही पाक वाळवून त्याची पावडर होई. प्रत्येक खेपेचा नमुना माझ्या टेबलावर यायचा. निळं द्रावण, त्यात नमुना, खाली बर्नर. उकळी आली की निळं जाऊन विटकरी रंग यायचा, आणि किती लवकर, किती गडद, त्यावरून मी आकडा लिहायचे आणि खाली सही करायचे. ज्यो. राऊळ. माझी सही असलेला पाक देशभर हिंडत होता. मी मात्र कारखाना ते खोली एवढीच.

दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात आप्पांच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. साधी ठेच. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. जखम भरेना. हळद लावली, एरंडाचं पान बांधलं. मी मागे लागून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद बघून चष्मा काढला.

“आप्पा, साखर किती वाढलीये ही. गोड किती खाता?”

“सोडलंय,” आप्पा म्हणाले.

“कधी? काल?”

कंपाउंडर हसला. मी म्हणाले, “डॉक्टर, खरंच सोडलंय त्यांनी. काशीला.”

“काशीला सोडलेलं रक्तात कसं आलं मग? पाय सांभाळा. अंगठ्यावर भागलं तर नशीब समजा.”

येताना मला वाटलं, आप्पा चिडतील. काही बोलतील. त्यांनी फक्त एवढं विचारलं, “आज वार कोणता?”

“शुक्रवार.”

“मग परवा फोन आहे.”

आखाजीला यशवंत आला. बायको संध्या, आणि चार वर्षांचा मुलगा. खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आंब्याचा रस, खापरावरचे मांडे, गल्लीत निंबाच्या झाडांना झोके. आप्पांनी मलाही जेवायला बोलावलं. चुलतभाऊ दंगलबापू आले होते. नाव भांडखोर असलं तरी माणूस फक्त बोलभांड होता.

पंगत बसली. सगळ्यांच्या वाटीत रस. आप्पांच्या पानात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. अंगठ्याला पट्टी बांधलेला पाय त्यांनी पाटाबाहेर काढून ठेवला होता. यशवंतची नजर पुन्हा पुन्हा तिथे जात होती.

“डॉक्टरांना भेटून आलो मी,” शेवटी तो म्हणाला.

आप्पा भाकरी मोडत राहिले.

संध्या वाईट नव्हती. ती अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलली. “आप्पा, एकटं असलं की होतं असं कधी. मन होतं. लपून खात असाल तर सांगा आम्हाला. आम्ही काही रागावणार नाही.”

पंगत थांबली. वाढणारी शेजारीण हातात मांडे घेऊन तशीच उभी राहिली.

“काशीत सोडलं आणि गल्लीत धरलं,” दंगलबापू म्हणाले आणि स्वतःच हसले. कुणी साथ दिली नाही तसं त्यांनी ते हसू रसाच्या वाटीत बुडवलं.

मी आप्पांकडे बघत होते. आता बोलतील. दहा वर्षांचा नेम आहे, मेलेल्या बायकोच्या नावाचा. गावासमोर सून तो खोटा म्हणते आहे, आता तरी बोलतील. आप्पांनी मान वर केली नाही. आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले. मग घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “जेवा रे. मांडे वातड होतील.”

माझं कुणीच नव्हतं त्या गावात. जे होतं ते हे एक माणूस. आणि ते खोटं नव्हतं, हे मी भिंतीपलीकडून दीड वर्ष ऐकलं होतं. चहा कोरा. कढी गुळाशिवाय. मग रक्तात साखर आली कुठून?

पंगत उठल्यावर मी पाण्याचे पेले आत ठेवायला गेले. फळीवर पिवळ्या झाकणाचा डबा होता. मी तो सहज उचलला. पुढच्या बाजूचा पळणारा म्हातारा मला पाठ होता. मागची बाजू मी कधी वाचली नव्हती. तिथे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. पहिलं नाव, वाळवलेलं ग्लुकोज सिरप. दुसरं, माल्टोडेक्स्ट्रिन. नंतर डाळीचं पीठ, रंग, वास. आणि तळाशी, ज्या कंपनीने डबा भरला तिचं नाव. ते नाव मी दर आठवड्याला लिहीत होते. टँकर कुठे जाणार त्या रकान्यात.

साखर घातलेली नाही, हे खरंच होतं. उसाची साखर एक कणभरही नव्हती त्यात. होती ती मक्याची. जिभेला निम्मीच गोड, रक्ताला मात्र पुरेपूर साखर.

मी रुमालात चिमूटभर पावडर बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सणाची शांतता होती. मी दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत निळं द्रावण. एकीत नुसतं पाणी घातलं, दुसरीत आप्पांची पावडर. बर्नर लावला. पाण्याची नळी आकाशासारखी निळी राहिली. दुसरी आधी हिरवट झाली, मग पिवळी, मग तळापासून वर लाल माती चढावी तशी भरून आली. इतक्या लवकर, की मला वेळ मोजायला सुरुवातही करता आली नाही. मला आनंद झाला. आज लिहिताना लाज वाटते, पण झाला. मी जिंकले होते.

संध्याकाळी मी त्या दोन नळ्या लाकडी घोडीत बसवून आप्पांच्या ओसरीवर आणल्या. सगळे चहा पीत होते. दंगलबापूही होते, ते बरंच झालं असं मला वाटलं.

“आप्पा खोटं बोलले नाहीत,” मी उभ्या उभ्याच म्हणाले. “ही बघा. ही नुसत्या पाण्याची. आणि ही या डब्यातल्या पावडरीची.”

“हे काय आहे?” यशवंतने विचारलं.

“साखर. मक्यापासून केलेली. डब्याच्या मागे लिहिलंय, वाचा. दिवसातून तीन वेळा, दोन दोन चमचे, तीन वर्षं. आप्पांनी लपून काही खाल्लेलं नाही. जे खाल्लं ते तुम्ही पाठवलेलं, तुम्ही सांगितलं तसं.”

यशवंतने डबा हातात घेतला. मागची बाजू उजेडाकडे धरली. तो बराच वेळ वाचत होता, जणू तिथे आणखी काही तरी लिहिलेलं असेल आणि ते त्याला सोडवेल.

“पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं मला तिकडे,” तो म्हणाला. “वडील एकटे राहतात, नीट खात नाहीत, म्हटल्यावर... पुढे लिहिलंय ना, साखर नाही म्हणून.”

“पुढे लिहिलंय ते उसाचं.”

“माझं चुकलं हो, आप्पा,” संध्या म्हणाली. तिने खरंच वाकून आप्पांच्या पायांना हात लावला, पट्टी बांधलेल्या अंगठ्याच्या अगदी जवळ.

दंगलबापू खाकरले. “म्हणजे भिकन, आपल्या यार्डातला मकाच तुझ्या पेल्यात आला म्हणायचा. मोजलासुद्धा तूच असशील.”

सगळे आप्पांकडे बघत होते. मीसुद्धा. आता त्यांचा चेहरा उजळेल, म्हणून मी वाट पाहत होते. आप्पांनी त्या लाल नळीकडे एकदा पाहिलं, मग यशवंतकडे, मग माझ्याकडे.

“जोसनाबाई,” ते हळूच म्हणाले, “नळ्या आत ठेव. पोरगं हात लावेल.”

यशवंत उठला. डबा घेऊन मोरीपाशी गेला आणि उलटा केला. पावडर ओल्या फरशीवर पडली, त्याने वरून तांब्या ओतला. पांढरं पाणी नालीतून गल्लीत गेलं.

“अर्धा होता अजून,” आप्पा म्हणाले.

“आता काय पाठवू तुम्हाला?” यशवंतने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“काही नको. सगळं आहे.”

दुसऱ्या दिवशी यशवंत आणि संध्या पुण्याला परत गेले. आप्पांची गोळी सुरू झाली, जेवण डॉक्टरांनी सांगितलं तसं. आषाढात अंगठ्याला नवी कातडी आली. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. “शाबास आप्पा. पाय राखलात.” गल्लीत लोक मला वाट देऊ लागले. पाकाच्या कारखान्यातली बाई, तिने म्हाताऱ्याचा पाय आणि नाव दोन्ही वाचवलं.

डबा यायचा बंद झाला. आखाजीनंतरच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी सवयीने स्टोव्ह बंद केला. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. भिंतीपलीकडे काहीच वाजलं नाही. महिनाअखेरीलाही नाही. मला वाटलं, कामात असेल. दुसरा महिना गेला. भिंतीपलीकडे आता “लाभ, दोन” नव्हतं. स्टोव्हचा पंप तेवढा ऐकू यायचा, तोही सकाळी एकदाच.

पोळ्यानंतरचा एक रविवार होता. दुपारी मी त्यांना भाजी द्यायला गेले. आप्पा फोनपाशी बसले होते. त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि जपून खाली ठेवला.

“चालू आहे,” ते म्हणाले.

“आपण लावू या का त्यांना? मी फिरवते नंबर.”

“लावून काय बोलू?”

मी भाजी ठेवायला फळीकडे वळले. डब्याच्या जागी गोल डाग होता. आप्पा मागून म्हणाले, “मुंग्यापण येईनाशा झाल्या.”

“कुठल्या मुंग्या?”

“पेल्याला लागायच्या. त्या भेगेतून निघायच्या, थेट पेल्यापर्यंत. रोज. चहाच्या कपाला कधी नाही, त्याच पेल्याला.”

मी तिथेच उभी राहिले. हातातलं भांडं ठेवायचं राहून गेलं.

“आप्पा, म्हणजे तुम्हाला...”

“मापाडी आहे मी, बाई. चाळीस वर्षं दाणा दाताखाली धरून सांगत आलो, ओल किती, जुना किती, कुठल्या शिवारातला. मला गोड कळणार नाही? पहिल्या घोटाला कळलं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं.”

“खोटं कुठे? खातच होतो की.”

बाहेर कुणीतरी बैल धुऊन परत नेत होतं. घुंगरं गल्लीच्या टोकापर्यंत वाजत गेली, मग आप्पा बोलले.

“पाय जाईल एवढं मला माहीत नव्हतं. गोड आहे एवढं माहीत होतं. रात्रभर बसलो होतो त्या पेल्यापुढे, पहिल्यांदा आला तेव्हा. काशीत सोडलेलं परत घेता येत नाही. मग गेंदाला विचारलं. म्हटलं, तुझ्या पोराने पाठवलंय. नको म्हटलं तर पाठवायचा बंद होईल. पाठवायचा बंद झाला तर पोचलं का म्हणून विचारेल कशाला? तो आणि मी, आम्हाला दुसरं बोलायला येत नाही. त्याची आई होती तेव्हा तीच बोलायची दोघांच्या वतीने.”

“काय म्हणाली मग गेंदाकाकू?”

आप्पा हसले. त्या दिवसातलं पहिलंच हसू.

“ती काय म्हणणार? पण तिची एक ओवी होती. घरचं धान्य काढायला कणगीपाशी बसली की म्हणायची.” त्यांनी डोळे मिटले. बाजारातला तो जुना सूर, पण अगदी खालच्या पट्टीत.

*पहिलं गं माझं माप, लाभ देवाच्या नावाचं*
*दुसरं माझ्या बाळाचं, दूर परक्या गावाचं*

“म्हणून दोन चमचे,” ते म्हणाले. “पहिल्याचं पाप माझं. दुसरा त्याचा.”

“माफ करा,” मी म्हणाले.

“माफ काय करायचं? पाय वाचला माझा, तू वाचवलास. ते खोटं म्हणणार नाही मी.” त्यांनी तो बरा झालेला अंगठा हलवून दाखवला. “चालतो आता. स्टँडपर्यंत जाऊन येतो. तिथे काही आणायचं नसतं, एवढंच.”

सोमवारी मी कारखान्याच्या ऑफिसातून यशवंतला फोन लावला. आप्पा फोनची वाट बघतात, हे मी सांगत होते आणि तो ऐकत होता.

“मॅडम, मी पाठवलेल्या डब्याने त्यांचा पाय सडत होता,” तो म्हणाला. “आता कुठल्या तोंडाने विचारू, कसे आहात म्हणून?”

“तेच विचारा ना. कसे आहात.”

“ते आम्ही कधी विचारलं नाही एकमेकांना.”

दिवाळीत एकदा फोन वाजला. मी स्टोव्ह बंद केला. “हां,” आप्पा म्हणाले. “हां... हां.” मग आप्पा बोलत नव्हते, आणि फोन ठेवतही नव्हते. खूप वेळाने आप्पा म्हणाले, “बरं.”

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडून कुडाळला आले. निघताना आप्पा स्टँडवर पोचवायला आले, स्वतःच्या पायांनी चालत. चार वर्षांनी दंगलबापूंचं कार्ड आलं. भिकन गेला, त्रास झाला नाही, दोन्ही पायांनी धडधाकट गेला. खाली एक ओळ होती, फोन परत न्यायला माणूस आला होता.

तीस वर्षं झाली याला.

आता माझी सई कॅनडात असते. तिचे बाबा गेल्यापासून ती दर दोन महिन्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर माझ्यासाठी वड्या पाठवते. ओट्सच्या, बिनसाखरेच्या, एकेक वेगळ्या कागदात बांधलेली. खोक्यावर एक बाई समुद्राकाठी पळते आहे. मागची बाजू मी पहिल्याच दिवशी भिंगाखाली वाचली. घटकांतला दुसरा ओळखीचा निघाला, तोच मक्याचा पाक, फक्त आता तो वेगळ्या नावाने हिंडतो. माझीही साखर काठावर आहे म्हणतात डॉक्टर.

रोज सकाळी मी दोन वड्या सोडते आणि जास्वंदीच्या बुंध्याशी चुरते. लाभ. दोन. थोड्या वेळाने कुंपणाच्या दगडातून मुंग्यांची ओळ निघते, न चुकता.

शनिवारी फोन वाजला.

“आई, खोकी पोचली?”

“पोचली गो.”

“खातेस ना नेमाने? का ठेवून देतेस?”

“नेमाने.”

ती थांबली. मीही थांबले. तिच्याकडे बर्फ पडत असावा. तिच्या बाजूला काहीच आवाज नव्हता. पुढे काय विचारावं ते ती शोधत होती, हे मला इथे कळत होतं.

“संपत आल्या का?” तिने विचारलं.

मी कपाटाकडे पाहिलं. तीन खोकी न फोडलेली होती.

“संपत आल्या,” मी म्हणाले. “पाठव.”